पॅसेजमधली ठेंगणी खुर्ची

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
वीब्केनं स्टुलावर चढून
स्वयंपाकघरातलं घड्याळ तासभर मागे घेतलं,
मग ओव्हनचं, मग गाडीतलं.
"आज तासभर जास्त झोप," म्हणाली.

मी बोटांवर मोजलं.
कालपर्यंत आन्त्सिराबे एका तासावर होतं,
आज दोन.
आई जागची हललीसुद्धा नव्हती.

माझं नाव वुआहिराना.
एन्नोच्या तोंडात मावतं तेवढंच: वुआ.
आमच्या भाषेत वुआ म्हणजे बी.
हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

ऑगस्टमध्ये त्याला बालवाडीची सवय लावायची होती.
वीब्केला रजा मिळेना, तेव्हा मीच.
इथे त्याची रीत ठरलेली असते.
पहिले दोन दिवस मी वर्गातच, कोपऱ्यात.
तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं बाहेर,
पॅसेजमधल्या ठेंगण्या खुर्चीवर,
गुडघे पार हनुवटीपाशी.
मग वीस मिनिटं. मग पाऊण तास.
चोरून निघायचं नाही,
सांगायचं, जाते, परत येते.
रडला तर बोलावतील.
रडला. बोलावलं.
पुन्हा रडला.
तिसऱ्या आठवड्यात लाकडी क्रेनमध्ये असा गुंतला
की माझ्याकडे बघायचंच विसरला.

त्या खुर्चीवर बसून मी खुंट्या पाठ केल्या:
साळिंदर, पाणचक्की, बेडूक,
एन्नोचं दीपगृह.
मला कुणी दहा मिनिटांपासून सुरुवात करून दिली नव्हती.
विमानतळावर आईनं माझी कॉलर सारखी केली
आणि एकदम एक वर्ष.
दाराबाहेर कुणी बसलेलं नव्हतं.

संध्याकाळी इथे चूल पेटत नाही.
पाव, चीज, काकडीच्या चकत्या, लाकडी फळ्यांवर.
हेनिंग म्हणतो, झालं जेवण.
पोट म्हणतं, कधी?

एका मंगळवारी घरात आम्ही दोघंच.
मी भात मुद्दाम लागू दिला,
तळाशी तपकिरी खरवड धरेपर्यंत.
छतावरचा अलार्म किंचाळला,
एन्नो कानांवर हात ठेवून नाचला,
शेजारच्या आहलर्सबाई
झुडपं छाटायची कात्री घेऊनच धावत आल्या.
"करपला होय? होतं असं," म्हणाल्या.
करपला नाही, करपवला,
हे व्याकरण मला येत होतं,
तरी बोलले नाही.

खरवडीवर पाणी ओतलं, उकळू दिलं.
आमच्याकडे जेवणावर हेच पितात.
एन्नोनं एक घोट घेतला.
"टोस्टसारखं लागतंय," म्हणाला,
आणि कप पुढे केला.

रात्री वीब्के रागावली नाही.
सगळ्या खिडक्या उघडल्या,
आणि मी एन्नोला झोपवत होते तेवढ्यात
माझ्यावरच्या मायेनं
पातेलं घासून लख्ख केलं.
अर्धी खरवड मी उद्यासाठी ठेवली होती.

फोनवर आई विचारते, थंडी फार आहे का?
मी म्हणते, कोट चांगला आहे.
तिच्यामागे हल्ली कुत्रं भुंकत नाही.
मी विचारत नाही.
तीही सांगत नाही.

आमच्या भाषेत सरलेले दिवस समोर असतात,
कारण ते दिसतात.
येणारे पाठीमागून येतात, न दिसता.
म्हणून सायकलवर मला नवल वाटत नाही
की बांधाच्या रस्त्यावर, या सपाट मुलखात,
समोर मला आन्त्सिराबेच्या हातरिक्षा दिसतात
आणि पाठीमागच्या सीटवरून
एन्नो बोलत असतो.

काल म्हणाला,
"वुआ, तू तुझ्या घरी जाणार?"
"उन्हाळ्यात."
बराच वेळ नुसती साखळी वाजली.
मग माझ्या कोटाला मागून धरून म्हणाला,
"पहिल्यांदा दहाच मिनिटं जा."

वारा समोरून होता.
मी गिअर बदलला.